मुका मार

चेन्नईच्या सेंट्रल स्थानकातून बाहेर पडणाऱ्या प्रवाशाला हमरस्त्याच्या पलीकडे सरकारी जनरल हॉस्पिटलच्या विस्तीर्ण इमारती दिसतात. इंग्रजांनी १६६४ साली सेंट जॉर्ज किल्ल्यात एक लहानसे रुग्णालय काढले होते. त्याचाच हा आजचा विस्तार. स्थानकाच्या अलीकडच्या अंगास महानगरपालिकेची शुभ्र रिपन बिल्डिंग आहे आणि तिच्या मागे नेहरू स्टेडियम. आज तेथे फुटबॉल खेळला जातो. पण त्याच जागी पूर्वी जे कॉर्पोरेशन स्टेडियम होते, तेथे १९५६ ते १९६५ या काळात क्रिकेटचे कसोटी सामनेही होत. क्रीडांगण आणि रुग्णालय यांच्यामध्ये अंतर म्हणाल तर फार नाही. तरीही ते ओलांडायला कधीकधी फार उशीर होतो, आणि कित्येकदा ते ओलांडलेच जात नाही.

जानेवारी १९६२ मध्ये या मैदानावर भारताने इंग्लंडला १२८ धावांनी हरवले आणि इंग्लंडविरुद्धची मालिका प्रथमच जिंकली. संघाचे नेतृत्व नरी काँट्रॅक्टर यांच्याकडे होते. पहिल्या डावात त्यांनी स्वतः ८६ धावा काढल्या होत्या. मायदेशातील हा आपला शेवटचा कसोटी सामना ठरणार आहे, अशी शंका त्या विजयाच्या क्षणी त्यांच्या मनाला शिवली असण्याचे काहीच कारण नव्हते. त्यानंतर लवकरच संघ वेस्ट इंडीजला गेला. मार्चमध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा एक वेगवान चेंडू काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. त्या काळी फलंदाज शिरस्त्राण वापरीत नसत. कवटी फुटली. तातडीने शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, आणि कित्येक दिवस ते मृत्यूच्या छायेत होते. त्यांना रक्त देण्यासाठी प्रतिपक्षाचा कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आला. चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी या आपल्या मराठी खेळाडूंनीही रक्त दिले. काँट्रॅक्टर वाचले. मायदेशी परतल्यावर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चँडी यांनी त्यांच्या कवटीत धातूची पट्टी बसवली. ती पट्टी साठ वर्षे तेथेच राहिली आणि २०२२ साली मुंबईत काढण्यात आली. काँट्रॅक्टर पुढे प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले, परंतु कसोटी सामना मात्र पुन्हा कधीच खेळले नाहीत.

याच १९६२ सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरात जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेल्या भारतीय फुटबॉल संघाने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून सुवर्णपदक मिळवले. मद्रास रेजिमेंटच्या संघातून पुढे आलेले पीटर थंगराज त्या दिवशी गोल राखीत होते. परंतु त्या विजयाची कथा सांगताना सर्वांत अधिक अभिमानाने घेतले जाते ते जर्नेलसिंग यांचे नाव. साखळीतील थायलंडविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. एरवी ते बचावफळीचे आधारस्तंभ. पण या दुखापतीनंतर रहीम यांनी त्यांना आघाडीला खेळवले. त्यांनी उपान्त्य सामन्यात एक गोल केला आणि अंतिम सामन्यातही एक. डोक्याला टाके घातलेला तो सरदार भारतीय फुटबॉलच्या स्मृतीत कायमचा कोरला गेला.

एकाच वर्षातील या दोन घटना. दोन्हींत डोक्यालाच मार लागला. एकीचे स्मरण आपण अपघात म्हणून करतो, दुसरीचे पराक्रम म्हणून. जर्नेलसिंगांच्या धैर्याला उणेपणा आणण्याचा येथे मुळीच हेतू नाही. त्या काळचे वैद्यकीय ज्ञान वेगळे होते, नियम वेगळे होते आणि त्यांनी आपल्या देशासाठी जे केले ते थोरच होते. प्रश्न आहे तो आपला, म्हणजे अशा कथा सांगणाऱ्यांचा आणि ऐकणाऱ्यांचा. महाविद्यालयाच्या मैदानावर डोके धरून खाली बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मनात या दोहोंपैकी कोणती गोष्ट जागी होते? बहुधा दुसरी. तो उठतो, डोके झटकतो आणि म्हणतो, ‘मला काही झालेले नाही.’ या एका वाक्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

मराठीत ‘मुका मार’ असा एक फार अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे. ज्या माराने कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, पण आत दुखापत होते, तो मुका मार. जखम बोलते, तिचे रक्त पाहून आजूबाजूची माणसे धावून येतात. मुका मार मात्र नावाप्रमाणेच मुका असतो. पाठीला किंवा मांडीला तो लागला तर निदान ज्याला लागला त्याला तरी तो कळतो. मेंदूला लागलेल्या मुक्या माराची गोष्ट याहून विलक्षण आहे. ज्याला लागतो त्यालाच तो कळेल याची खात्री नसते. कारण ज्या अवयवाने कळावयाचे, तोच अवयव दुखावलेला असतो. इंग्रजी वैद्यकात याला ‘कन्कशन’ म्हणतात. आपण त्याला मेंदूला बसलेला हादरा म्हणू.

मनुष्याचा मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा आणि लोण्याच्या गोळ्यासारखा मऊ असतो. कवटीच्या आत तो एका द्रवात तरंगत असतो. डोके एकाएकी हिसडले गेले किंवा वेगात असताना अकस्मात थांबले, तर कवटी थांबते. पण आतला मेंदू आणखी क्षणभर हलत राहतो, पिळवटतो. या ताणाने मज्जापेशींचे सूक्ष्म धागे ओढले जातात, त्यांच्यातील रासायनिक समतोल बिघडतो आणि काही काळ मेंदूचे काम विस्कळित होते. कवटी शाबूत असते. सीटी स्कॅनच्या चित्रात बहुधा काहीच दिसत नाही. बेशुद्धी यावीच असेही नाही. बहुसंख्य वेळा ती येतच नाही. शिरस्त्राणाने कवटी फुटण्यापासून वाचते, मात्र कवटीच्या आतील मेंदूचे हे हिसडणे त्याने पुरते टळत नाही. फुटबॉलमध्ये असा हादरा चेंडूपेक्षाही अधिक वेळा माणसाकडून बसतो. उंच आलेल्या चेंडूसाठी दोघे एकाच वेळी उडी घेतात, आणि एकाचे डोके दुसऱ्याच्या डोक्यावर किंवा कोपरावर आदळते.

असा हादरा बसलेल्या माणसाची स्वतःविषयीची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, याचे एक उदाहरण साऱ्या जगाने पाहिले आहे. १३ जुलै २०१४ रोजी रिओ येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रॅमर याच्या चेहऱ्यावर प्रतिस्पर्ध्याचा खांदा जोराने आदळला. थोड्या उपचारानंतर तो पुन्हा खेळू लागला आणि सुमारे चौदा मिनिटे खेळला. मग त्याने पंचांना विचारले, हा अंतिम सामनाच आहे ना? पंचांना प्रथम ती थट्टा वाटली. क्रॅमरने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा त्यांनी त्याच्या सहकाऱ्याला सावध केले आणि क्रॅमरला मैदानाबाहेर नेण्यात आले. जगातील सर्वांत मोठ्या सामन्यात, कोट्यवधी डोळ्यांसमोर, निष्णात डॉक्टरांचे पथक हाताशी असताना जे लक्षात आले नाही, ते एखाद्या महाविद्यालयाच्या धुळीने भरलेल्या मैदानावर सहज लक्षात येईल, असे कसे मानावे?

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे आणि अधिक दुःखाचे. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाका येथील एका क्लब सामन्यात भारताचे माजी कसोटीपटू रमण लांबा शिरस्त्राणाशिवाय फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षण करीत होते. फटकावलेला चेंडू त्यांच्या डोक्याला लागला. ते उठले आणि स्वतःच्या पायांनी चालत तंबूकडे गेले. पाहणाऱ्यांना वाटले, संकट टळले. पण कवटीच्या आत रक्तस्राव सुरू झाला होता. शस्त्रक्रिया होऊनही तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. माणूस चालतो आहे, बोलतो आहे, म्हणजे तो धोक्याबाहेर आहे, हा आपला समज किती पोकळ असतो, हे या घटनेने दाखवले.

महाविद्यालयीन खेळ आणि डोक्याची दुखापत या प्रश्नाचा सर्वांत जुना अनुभव अमेरिकेच्या गाठीस आहे. तेथील फुटबॉल हा आपला फुटबॉल नव्हे. अंगावर धावून जाऊन प्रतिस्पर्ध्याला पाडणे हा त्याचा गाभाच आहे. १९०५ सालच्या एका हंगामात अठरा-एकोणीस तरुण या खेळात प्राणास मुकले. त्याच हंगामात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. पुढच्याच वर्षी खेळाचे नियम बदलले आणि महाविद्यालयीन क्रीडेचे नियमन करणारी संस्था जन्माला आली. मृत्यू दिसत होते, म्हणून उपाय झाला. जे दिसत नव्हते, त्याकडे लक्ष जायला आणखी बराच काळ लागला. १९८४ साली साँडर्स आणि हारबॉ या दोन अमेरिकन डॉक्टरांनी अशाच एका महाविद्यालयीन खेळाडूच्या मृत्यूची चिकित्सा प्रसिद्ध केली. पहिल्या हादऱ्यातून मेंदू पुरता सावरला नसताना दुसरा धक्का बसला, तर तो दिसायला किरकोळ असूनही मेंदूला अकस्मात सूज येऊन प्राणघातक ठरू शकतो, हे त्यातून पुढे आले. असे क्वचितच घडते. पण घडते तेव्हा ते मुख्यतः कोवळ्या वयातच घडते.

वर्षानुवर्षे बसत राहिलेल्या लहान-लहान धक्क्यांचा प्रश्न यापेक्षा निराळा आहे. मुष्टियोद्ध्यांना पुढील आयुष्यात येणारे बुद्धिमांद्य आणि चालण्यातील डळमळ यांचे वर्णन डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच केले होते. २०१७ साली बोस्टनच्या संशोधकांनी अमेरिकन फुटबॉल खेळलेल्या मृत व्यक्तींचे मेंदू तपासले. त्यांपैकी महाविद्यालयीन पातळीपर्यंत खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांच्या मेंदूंत या जातीचा ऱ्हास आढळला. अर्थात ज्यांच्या नातलगांना आधीच शंका आली होती, असेच मेंदू प्रामुख्याने संशोधकांच्या हाती आले होते. म्हणून दर दहा खेळाडूंपैकी नऊ जणांना हा विकार होतो, असा अर्थ त्यातून काढणे चुकीचे ठरेल. आपल्या फुटबॉलविषयीचा पुरावा ग्लासगोहून आला. २०१९ साली स्कॉटलंडच्या सात हजारांहून अधिक माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या रोगांनी मरण येण्याचे प्रमाण सामान्य लोकांच्या मानाने त्यांच्यात सुमारे साडेतीनपट आढळले. मात्र त्याच खेळाडूंत हृदयरोगाने होणारे मृत्यू कमी होते. तेव्हा खेळ सोडा असे विज्ञान म्हणत नाही. ते इतकेच म्हणते की डोके जपा, आणि लागलेल्या डोक्याला सावरण्यास अवधी द्या.

हा अवधी द्यावयाचा कोणी? येथेच खरी अडचण आहे. उत्तर चेन्नईत व्यासरपाडी नावाची वस्ती आहे. तेथे श्रमिकांची घरे आहेत, अरुंद गल्ल्या आहेत आणि फुटबॉलचे वेड आहे. अशा वस्तीतील मुलाला फुटबॉल हा केवळ खेळ नसतो. त्या खेळामुळे त्याला खेळाडूंच्या राखीव जागेतून महाविद्यालयात प्रवेश मिळतो, फी माफ होते, आणि पुढे रेल्वेच्या किंवा बँकेच्या संघात नोकरीची आशा धरता येते. त्याच्या घरातील पहिला पदवीधर तो असू शकतो. निवड समितीसमोरच्या सामन्यात त्याच्या डोक्याला लागले, तर तो काय सांगेल? बाहेर बसलो तर जागा दुसऱ्याला जाईल, हे त्याला पक्के ठाऊक असते. तो खोटे बोलेल, आणि तेही शौर्याने बोलेल. त्याच्या या खोट्याला आपण आजवर टाळ्या वाजवीत आलो आहोत. तोंडावर पाण्याचा हबका मारायचा, ग्लुकोज द्यायचे, पाठीवर थाप मारायची आणि पुन्हा मैदानात लोटायचे, हा आपल्या मैदानांवरचा सार्वत्रिक रिवाज आहे. डोळ्यांपुढे काजवे चमकले, हा तर आपल्याकडे हसण्याचा विषय झालेला आहे.

आणि हा मुलगा केवळ खेळाडू नाही, विद्यार्थीही आहे. गुडघा मोडला तरी पुस्तक वाचता येते. मेंदू हादरला असेल तर ओळी डोळ्यांपुढे नाचतात, वाचलेले ध्यानात राहत नाही, उजेड आणि गोंगाट सहन होत नाही, चिडचीड होते. घरच्यांना वाटते, मुलगा बिघडला. शिक्षकांना वाटते, आळशी झाला. त्याला स्वतःलाही कारण सांगता येत नाही. योग्य विश्रांती मिळाली तर बहुतेक मुले चार आठवड्यांच्या आत बरी होतात. ती न मिळाल्यास एका सामन्याची किंमत एका वर्षाने मोजावी लागू शकते.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत जगातील क्रीडानियमांनी एक मोठे पाऊल उचलले आहे: निर्णय खेळाडूच्या हातातून काढून घेतला. ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये असा हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी तोलामोलाचा बदली खेळाडू घेता येतो. फुटबॉलच्या कायद्यात २०२४ पासून अशा प्रसंगासाठी नेहमीच्या संख्येबाहेर एक जादा बदली खेळाडू देण्याची तरतूद झाली आहे. मात्र स्पर्धेच्या आयोजकांनी ती स्वीकारली तरच ती लागू होते. बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, आणि प्रतिपक्षालाही एक जादा बदल मिळतो, म्हणजे अन्यायाची तक्रार राहत नाही. नियम झाले म्हणजे वाद संपतात असे नाही. ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे झालेल्या सामन्यात शिवम दुबे यांच्या शिरस्त्राणावर चेंडू आदळला आणि त्यांच्या जागी हर्षित राणा आले. राणा यांनी तीन बळी घेतले, तेव्हा हा बदल तोलामोलाचा नव्हता अशी हरकत इंग्लंडच्या कर्णधाराने घेतली. त्या हरकतीत तथ्य होते की नव्हते, हा प्रश्न बाजूला ठेवू. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की वाद झाला तो बदली कोण असावा याविषयी. लागलेल्या माणसाने खेळत राहावयास हवे होते, असे दोन्ही बाजूंपैकी कोणीही म्हणाले नाही. १९६२ च्या मानाने ही प्रगती लहान नव्हे.

महाविद्यालयीन मैदानावर हे तत्त्व आणण्यास फारसा पैसा लागत नाही. डोक्याला मार लागल्यावर मुलगा गोंधळलेला दिसला, त्याचा तोल गेला, तोच प्रश्न त्याने पुन्हा विचारला, किंवा त्याला आपण कोणाशी खेळत आहोत हे सांगता आले नाही, तर त्याला बाहेर काढावे. शंका आली तरी पुरे. खात्रीची वाट पाहू नये. त्या दिवशी त्याला पुन्हा उतरवू नये. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हलका व्यायाम, मग धावणे, मग चेंडू, आणि डॉक्टरांनी अनुमती दिल्यावरच अंगाला अंग भिडणारा खेळ, अशा पायऱ्यांनी त्याला परत आणावे. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस द्यावा. २०२२ साली ॲमस्टरडॅम येथे जमलेल्या जगभरच्या तज्ज्ञांच्या परिषदेचा सल्लाही साधारण असाच आहे. त्या रात्री मुलाला वसतिगृहाच्या खोलीत एकटा ठेवू नये. वारंवार उलटी होणे, वाढत जाणारी डोकेदुखी, जागे करूनही न उतरणारी गुंगी, झटके, हातापायांतील अशक्तपणा यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. या गोष्टी क्रीडाशिक्षकाला, कर्णधाराला आणि पंचाला ठाऊक असल्या की बरेच काम झाले. आणि महाविद्यालयाने एक आश्वासन लेखी द्यावे: दुखापत सांगितल्यामुळे कोणाचीही संघातील जागा किंवा सवलत जाणार नाही. त्याशिवाय मुलगा खरे बोलणार नाही, आणि त्याबद्दल त्याला दोषही देता येणार नाही.

दक्षिणेच्या या भागाला तर याविषयी एक विशेष वारसा आहे. भारतातील मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग डॉ. चँडी यांनी १९४९ साली वेल्लोर येथे सुरू केला. पुढच्याच वर्षी, न्यूकॅसलहून शिक्षण घेऊन परतलेल्या डॉ. बी. राममूर्ती यांनी मद्रासच्या जनरल हॉस्पिटलात या शास्त्राचा पाया घातला. डॉ. एस. टी. नरसिंहन आणि डॉ. बलदेवसिंग यांच्या साहाय्याने या दोघांनी १९५१ मध्ये मद्रास येथे भारतीय न्यूरॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली. काँट्रॅक्टर यांच्या कवटीत बसलेली ती पट्टी याच परंपरेची देणगी होती. फुटलेली कवटी सांधणारे हात साठ वर्षांपूर्वीच या भूमीत तयार झाले होते.

परंतु त्या हातांपर्यंत रुग्ण पोहोचावा लागतो. फुटलेले डोके आपोआप पोहोचते, कारण रक्त त्याची वाट मोकळी करते. मुका मार लागलेला मुलगा मात्र मैदानातच उभा राहतो आणि हसून सांगतो की मला काही झालेले नाही. त्या वेळी त्याच्या शेजारच्या कोणी तरी, मग तो कर्णधार असो, प्रतिस्पर्धी असो की पंच असो, त्याचा हात धरून त्याला रेषेबाहेर नेले पाहिजे. सामना दहा खेळाडूंनीही खेळून संपवता येतो. रिपन बिल्डिंगच्या मागच्या त्या मैदानापासून समोरच्या रुग्णालयापर्यंतचे अंतर खऱ्या अर्थाने कमी व्हावयाचे, तर त्याची सुरुवात या एका धरलेल्या हातापासूनच होईल.